कोणी केलं?

मोठ्या संस्था माणसांवर नाही, पद्धतीवर चालतात, असं आमच्या न्युरेम्बर्गच्या कंपनीच्या दाराशी काचेवर कोरलेलं आहे. चीनहून आलेल्या आमच्या नव्या सहकारी बाईंनी पहिल्याच दिवशी ते वाचलं आणि मला विचारलं, "कोरलं कोणी?"

आम्ही दोघं पंपांच्या चाचण्या घ्यायचो आणि इंग्रजीत अहवाल लिहायचो. अहवालात माणूस दिसता कामा नये, हा नियम. बाई लिहायच्या, 'मी पंप तपासला.' साहेब ते खोडून 'पंप तपासला गेला' करायचे.

"पंपाचं काय वाईट झालं?" बाई काळजीने विचारायच्या.

त्यांच्या भाषेत म्हणे अशी वाक्यं बहुधा संकटासाठी राखलेली. माणूस लुटला जातो, फसवला जातो, बडवला जातो. मला ही अडचण नव्हती. 'कळविण्यात येते की' वाचत मोठं झालेल्या माणसाला कर्ता कशाला लागतो? जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना सराव द्यायचो. माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी संपवून त्या म्हणायच्या, "भाजी खाल्ली गेली. बिचारी."

हसणं तेवढंच. त्यांचा करार संपत आला होता. तो वाढला नाही, तर मुलीला इथली शाळा सोडून परत जावं लागणार होतं. मुलगी आता स्वप्नंसुद्धा जर्मनमध्ये बघते, असं त्या सांगायच्या.

त्यातच एक पंप झडप बंद राहिल्यामुळे कोरडा फिरला आणि जळाला.

मी म्हटलं, "'झडप बंद असल्याचे आढळले', एवढंच लिहा. सगळे तसंच लिहितात."

"आढळलं कोणाला?"

"अहो बाई, करार आहे तुमचा..."

"मला आढळलं. आणि उघडायला विसरलं कोण? मीच."

तसंच लिहिलं त्यांनी. साहेबांनी वाचलं, "आल्झो", म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', एवढंच म्हणाले आणि अहवाल खणात ठेवला. हे लक्षण चांगलं नाही, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

काही आठवड्यांनी मेल आला. करार न वाढवण्याचा निर्णय घेतला गेला होता. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"बघा, साहेबांना बरोबर जमलं," त्या म्हणाल्या. निर्णय कोणी घेतला, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. तेवढं एकदाच.

त्या गेल्या त्याच्या पुढच्या सोमवारी त्यांची खुर्ची जागेवर नव्हती.

"हलवली गेली," साहेब म्हणाले.

"कोणी हलवली?" मी विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

माझा करार मार्चमध्ये संपतो.