बाजूला टाकलेली वाळू

माझ्या नणंदेला तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, ‘चाळणी’ म्हणतात. तिचं कामच ते. प्रयोगशाळेत ओढ्यांची वाळू चाळायची, आम्लात धुवायची आणि भिंगाखाली चिमट्यानं गारगोटीचे कण वेचायचे. लग्न केलं नाही. का, ते मला विचारू नका. मीही तिला विचारलेलं नाही.

आमचं घर कड्याच्या माथ्यावर. फार पूर्वी इथली जमीन फाटली, फटीत समुद्र शिरला, आणि उरलेली कड म्हणजे हा कडा. झिजत झिजत तो समुद्रापासून मागं सरत आलाय. किती वेगानं, ते मोजायचं काम नणंदेच्या प्रयोगशाळेकडे आलं. घाबरू नका, रीत सोपी आहे. उघड्यावरच्या दगडात आकाशातून येणाऱ्या किरणांची खूण साठत जाते. दगड सावकाश झिजला तर त्याच्या वाळूत ती भरपूर; आतून नुकताच फुटून आला तर नावाला.

आकडा आला: वर्षाला केसाच्या जाडीइतका. आमचे हे खूश. झोपतात मागच्या खोलीत, ऐन कड्यावर.

“बघ चाळणे, माझ्या खापरपणतवंडांनाही धोका नाही.”

“दादा, ती सरासरी आहे. कडा रोज थोडा थोडा सरत नाही. हजारो वर्षं गप्प बसतो आणि एका दिवसात खोलीभर खाली येतो.”

“तुझं आपलं काहीतरीच!”

तिनं वाद सोडला आणि माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. नंतर भांडी पुसता पुसता म्हणाली, “वहिनी, एक नमुना मी बाजूला टाकला. खूण फारच कमी होती. वाटलं, धुताना काहीतरी बिघडलं. बाकीच्यांशी जुळत नाही ते खराब, अशी सवयच लागते आम्हाला.”

“कुठला नमुना?”

“तुमच्या मागच्या खोलीखालच्या ओढ्यातला.”

मी पातेलं खाली ठेवलं.

प्रयोगशाळेतल्या साहेबबाईंनाही तिनं हे सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा कर. उरलेली वाळू तिनं पुन्हा धुतली, पुन्हा वेचली. डोळे लाल झाले, उत्तर तेच आलं. मग खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती थेट मागच्या खोलीत शिरली.

“दादा, वाळू चांगली होती, चूक माझी. इथला कडा नुकताच सुटलाय. खालचा आधार गेलाय. पलंग पुढच्या खोलीत हलव.”

“नुकताच म्हणजे कधी?”

“शे-दोनशे वर्षांत.”

हे इतके हसले की ठसका लागला. “मग आज संध्याकाळची घाई कशाला?”

ती हसली नाही. पलंगाची एक बाजू धरून म्हणाली, “वहिनी, तिकडून धर. दादा, तू आधी खाली उतर.”

मी धरली. हे कुरकुरत उतरले.

खोली अजून उभी आहे. हे रोज सकाळी दार किलकिलं करून बघतात आणि तिला फोन लावतात, “चाळणे, आहे गं अजून!”

“असू दे,” ती म्हणते. “पलंग कुठाय?”