शिवणीत ठेवलेली माया

सांगलीहून बदली होऊन मी कोरेगावच्या अलीकडच्या आमच्या या छोट्या शहरात आलो, तेव्हा शाळेत घालून जाण्याजोगी माझ्याकडे एकच पँट होती. दुसरी शिवून घ्यावी म्हणून बाजारपेठेतल्या दस्तगीरचाचा मुलाणी यांच्या दुकानाची पायरी चढलो, तीच आमची पहिली भेट. चाचांनी कमरेला टेप लावला. तरुणपणी सगळेच करतात तेच मीही केले, पोट आत घेतले. चाचा टेप तसाच धरून थांबले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, पोट आत वढू नका. किती येळ धराल? माप खरं द्या, पुढं कापडाचं मी बघतो."

पुढे कळले की हे गृहस्थ नुसते कपडे बेतत नाहीत. आमच्या नागरिक आघाडीचे ते पहिल्यापासूनचे निमंत्रक, आणि आघाडीचे कार्यालय म्हणजे त्यांच्या दुकानाचा माळा. गटारीवरच्या टपऱ्या हटवाव्यात असा अर्ज आघाडीने दिला, तेव्हा पहिलीच टपरी निघाली चाचांच्या सख्ख्या पुतण्याची. ती त्यांनी स्वतः उभे राहून काढायला लावली. पुतण्या त्या ईदला घरी आला नाही. चाचांनी शिरखुर्म्याचा डबा त्याच्या घरी पोहोचवला आणि विषय संपवला. अशा माणसाचा मी शिष्य झालो यात नवल नाही. नवल पुढेच आहे.

मागच्या खेपेला नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. आघाडीपुढे दोन नावे होती. एक सुमनताई, माण तालुक्यातून सून म्हणून आलेल्या, निवृत्त परिचारिका. बाई धुतल्या तांदळासारख्या, पण बोलायला फटकळ. चोरून घेतलेले नळ निवडून येताच तोडणार, हे त्यांनी आधीच जाहीर करून टाकले होते. दुसरे भगवानराव, गुळाचे व्यापारी. तीन गटांच्या पंगतीत जेवून आलेले, पण गावातले एकही लग्न वा मयत न चुकवणारे. समोरच्या गटाला आठवडी बाजाराच्या मैदानावर दुकानगाळे बांधायचे होते. ते मैदान वाचवायचे, एवढ्यासाठीच आम्ही निवडणूक लढवत होतो.

माळ्यावर बैठक बसली. सुमनताईंच्या बाजूने मी तावातावाने बोललो. मते पडली तीन-तीन. सातवे मत चाचांचे. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई सोन्यावानी हाईत. पन त्या पडल्या तर मैदान जातंय. माझं मत भगवानरावाला."

मला ते फार लागले. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "खरं माप द्या म्हणणाऱ्यानेच आज पोट आत ओढलं." माझ्या मुलीच्या लग्नासाठी बंद गळ्याच्या कोटाचे कापड मी त्यांच्याकडे टाकले होते. ते मी तिथल्या तिथे परत मागितले. कापून झाले होते, शिवायचे राहिले होते. चाचांनी तुकडे नीट घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळले, सुतळी बांधली आणि माझ्या हातात दिले. मी तो कोट साताऱ्यात शिवून घेतला. तिथला शिंपी म्हणाला, "कापणाऱ्यानं माया भरपूर ठेवलीय." शिवणीत जे जादा कापड आत दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मी रागात होतो, मला त्यात काही दिसले नाही. दोन वर्षे मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

भगवानराव निवडून आले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांनाच मैदानावर गाळे बांधायची बुद्धी सुचली. खोटे कशाला बोलू, मला थोडा आनंदच झाला. पण पालिकेच्या सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी तो विषय मागे घेतला. का, ते मला खुद्द त्यांनीच एका लग्नाच्या पंगतीत सांगितले.

"तुमचं चाचा घरी आलतं. च्याबी घेतला न्हाई. म्हनलं, तुझ्यापायी मी माझा मास्तर घालवला. आता तू मैदान घालवू नगंस." भगवानराव पानातला लाडू कुस्करत राहिले. "मास्तर, मला वर बघवंना."

मलाही बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोट घेऊन मी दुकानात गेलो. तो पोटावर घट्ट होऊ लागला होता, तेवढे निमित्त पुरले. चाचांनी टेप लावला आणि म्हणाले, "पोट आत वढू नका." कोट उलटा करून त्यांनी आतली माया दाखवली, त्यातली थोडी उसवली आणि मशीनवर बसले. मी म्हटले, "चाचा, आज पुन्हा बैठक झाली तरी मी मत सुमनताईंनाच देईन."

"द्यायलाच पायजे," मशीन न थांबवता ते म्हणाले. "माया ठिवायला आमी हाय. पन खरं माप कुनीतरी घ्यायाच पायजे का न्हाई? न्हाईतर माया कशात ठिवायची?"

आमचा वाद आजही मिटलेला नाही आणि मिटावा असे दोघांनाही वाटत नाही. सुमनताई आता आघाडीच्या नगरसेविका आहेत आणि दर सभेत भगवानरावांना घाम फोडतात. मैदानावर सोमवारचा बाजार भरतो. पण निवडणुकीच्या धामधुमीत माणूस तोडून घरी जाणारे पुष्कळ पाहिले, आणि तुटलेल्या माणसासाठी शिवणीत जागा ठेवणारे चाचा एकच.

चाचांच्या पंचाहत्तरीच्या या सोहळ्याला मी तोच कोट घालून येणार आहे. बटण जेमतेम लागते. चाचा, दोन्ही बाजूंच्या शिवणीत अजून बोटबोट माया शिल्लक आहे, आणि माझे पोट काही थांबायचे लक्षण नाही. तुमची नजर आणि हात असेच शाबूत राहोत. ती माया उसवायला मला दुसरा शिंपी नको आहे.