ईस्टरच्या सकाळचा शॉक

आम्ही चौघं म्हणजे एक बँडच होतो. बाबा घरी बनवलेली विजेवरची गिटार वाजवायचे, आई पेटी, दादा ढोलकी आणि मी हलगी. येशूची गाणी आम्ही अशा दणक्यात म्हणायचो, की कोल्हापुरातले निम्मे ख्रिस्ती आम्हाला येडं समजत.

मी दहा वर्षांची असताना ईस्टरच्या सकाळी चर्चच्या अंगणात आमचं गाणं होतं. सडा मारल्यानं जमीन ओली होती आणि बाबा अनवाणी उभे होते. धृपदाला त्यांनी माईकची दांडी धरली, आणि हात तिथंच चिकटला. त्यांचं सगळं अंग थरथरू लागलं. लोकांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला. "हालेलुया!" म्हणत ते टाळ्या वाजवू लागले.

मला मात्र बाबांचे डोळे दिसत होते. ते माझ्याकडंच लागले होते आणि त्यांत नुसती भीती होती. मला ओरडायचं होतं, पण माझे हात हलगी बडवतच राहिले.

आईनं पेटी सोडली आणि लाकडी स्टूल उचलून माईक उडवला. बाबा कोसळले.

"अहो, बोला की कायतरी!" ती किंचाळली.

बऱ्याच वेळानं ते पुटपुटले, "गाणं का थांबवलंसा?"

लोक हसले. मला हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी बाबा रबरी चपला घालून पुन्हा उभे राहिले. त्यानंतर कितीतरी वर्षं, ते माईककडं हात नेत तेव्हा माझा ठेका चुकायचा.