हातमोज्यांच्या जोड्या

कचऱ्याचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या अंगच्या गुणांमुळे नव्हे. मी मीटिंगला उशिरा पोचले, म्हणून आलं. तळेगाव चौकात आमची कंपनीची बस कांद्याच्या ट्रकमागे अडकली होती. मी पोचेपर्यंत बरी बरी कामं वाटून झाली होती आणि एकच उरलं होतं. आम्ही पत्रा दाबून गाड्यांच्या सीटखालचे ब्रॅकेट बनवतो. ते जिला पुरवतो त्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं होतं, की पुरवठादारांनी जमिनीत पुरायला जाणारा कचरा शून्यावर आणावा. सहा महिन्यांनी त्यांचा माणूस तपासणीला येणार होता. प्लांटचे साहेब म्हणाले, "सेफ्टी तुमच्याकडे आहेच मॅडम. कचरा म्हणजे सेफ्टीचा सख्खा भाऊ."

माझा स्वभाव तापट आहे. कुणी काम गळ्यात मारलं की मी चिडते, आणि चिडले की ते काम जरुरीपेक्षा जास्त नीट करते. साहेबांना हे ठाऊक असावं.

दुसऱ्याच दिवशी मी पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरली आणि आख्ख्या दिवसाचा कचरा तिच्यावर ओतायला लावला. ऑफिसातली मंडळी खिडकीतून मजा बघत होती. खाली माझ्याबरोबर होती फक्त मावशी. सफाईचं काम ठेकेदाराकडे होतं, त्याच्या चार बायका आमच्याकडे यायच्या, त्यातली ही सगळ्यांत वयस्कर. जवळच्याच गावची. पदर खोचून ती ढिगात वाकली आणि म्हणाली, "मॅडम, हे तर मला तोंडपाठ हाय. इचारलं आसतं तर बसल्या जागी सांगितलं आसतं."

मी ऐकलं नाही. तिथेच शहाणी झाले असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

सोपी कामं भराभर झाली. चहाचे कागदी कप बंद करून स्टीलचे पेले आणले. आठवडाभर सगळे तोंड भाजल्यासारखे वागले, मग सवय झाली. लाकडी पॅलेट ज्यांच्याकडून यायचे त्यांनाच परत जाऊ लागले. कँटीनचं खरकटं मागच्या खड्ड्यात जाऊन त्याचं खत व्हायला लागलं आणि गेटजवळच्या जास्वंदीला एवढी फुलं आली की वॉचमन घरी जाताना ओंजळभर नेऊ लागला. तीन महिन्यांत कचऱ्याच्या गाडीच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबल्या आणि ठेकेदार आला. म्हणाला, "कचरा निम्मा झाला ना? मग चार बायकांचं काय काम? एक कमी करतो." कोण ते विचारायची गरज नव्हती. जी सगळ्यांत वयस्कर, तीच.

कचरा मी कमी केला आणि नोकरी तिची चालली होती. तिच्या घरात पगार आणणारी ती एकटीच होती, हे मला ताडपत्रीवर वाकून केलेल्या गप्पांतून कळलं होतं. मी साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, पण कागदाशिवाय त्यांना काही दिसत नाही. म्हणाले, "एका माणसाचं पूर्ण काम दाखवा, मी ठेवून घेतो."

काम होतं. हातमोजे. आमच्याकडे प्रत्येक कामगाराला प्रत्येक शिफ्टला सुती हातमोज्यांची नवी जोडी मिळते आणि शिफ्ट संपली की ती तेलकट होऊन डब्यात जाते. तेल लागलेलं असल्यामुळे साध्या कचऱ्यात टाकायची कायद्यानं बंदी. ती वेगळ्या गाडीतून वेगळ्या खड्ड्यात पुरायला जाते. मी म्हटलं, हे धुऊया. जुनं वॉशिंग मशीन आणू, सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आपल्याकडे आहेच, त्याच्या शेजारी लावू. मशीन चालवायला मावशी.

"मशीन तर आपलं आपण चालतं," साहेब म्हणाले. "माणूस कशाला?"

इथे प्रॉडक्शनच्या प्रमुखांनी मला तारलं. ते म्हणाले, "धुतल्यावर जोड्या कशा लावणार? डाव्या हाताचे, उजव्या हाताचे, सगळे मिसळणार." सगळे गंभीर झाले. हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले, कारण घडीभरातच हिशोब निघाला की एवढे मोजे डावे-उजवे करायला एक माणूस दिवसभर लागेल. पूर्ण एक माणूस!

मग जुनं मशीन आणून धुणं सुरू केलं आणि आम्ही कामाला लागलो. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट करायची म्हणजे आधी तिची पद्धत ठरवायची. प्रत्येक लाइनवर दोन डबे ठेवले, निळा डाव्या हाताच्या मोज्यांसाठी, पिवळा उजव्या. वर पाट्या लावल्या. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी स्वतः उभी राहून समजावून सांगितलं. कामगार अगदी शिस्तीत ऐकत होते. कुणी हसलं नाही. एकानं हात वर करून विचारलं, "मॅडम, चुकून डावा पिवळ्यात पडला तर?" मी त्यालाही नीट उत्तर दिलं. मागे कुणाला तरी जोराचा खोकला आला.

आठवड्याअखेर मोजदाद केली तर निळ्या डब्यांत मोजे कमी, पिवळ्यांत भरपूर. झालं! क्वालिटीवाल्यांच्या अंगात आलं. त्यांनी फळ्यावर माशाच्या काट्यासारखी, कारणं शोधायची आकृती काढली आणि प्रत्येक काट्यावर एकेक कारण टांगलं. मग "का" असं पाच वेळा विचारण्याची पद्धत झाली. पाचव्या "का"ला असं निघालं की शेडमध्ये डावखुरे कामगार किती याची नोंद आपल्याकडे नाही. म्हणून डावखुऱ्यांची यादी करायचं ठरलं. ती यादी मी केली. खोटं कशाला बोलू, माझ्या अक्षरात आहे.

शेवटी मावशीच्या जागेला मंजुरी द्यायची मीटिंग ठरली. जोड्या लावायला किती वेळ लागतो ते तिनं स्वतः सांगावं म्हणून तिला आत बोलावलं. मी तिला बाहेर बजावलं होतं, "दिवसभर लागतो, एवढंच म्हणा."

ती आली, उभी राहिली. साहेबांनी विचारलं, "मावशी, डावे-उजवे लावायला किती वेळ जातो?"

मावशी माझ्याकडे बघेना. टेबलावर नमुन्यासाठी ठेवलेला एक मोजा तिनं उचलला, डाव्या हातात घातला, बोटं हलवून दाखवली. काढला, उजव्या हातात घातला, पुन्हा बोटं हलवली.

"सायेब, ह्ये कुठल्याबी हातात जातंय. ह्याला डावं-उजवं न्हाईच."

प्रॉडक्शनच्या प्रमुखांनी मोजा घेऊन स्वतः घालून बघितला. मग क्वालिटीवाल्यांनी. मग मी. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण आम्ही तर आरशाची खरेदी करून बसलो होतो. आमच्यातल्या एकानंही आयुष्यात कधी तो मोजा हातात घातला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकत होतो, दुसरं काय.

बाहेर आल्यावर माझा तोल गेला. "मावशी, ती तुमचीच नोकरी होती! आणि एवढे दिवस का नाही सांगितलं?"

"पहिल्यांदा वाटलं, सायबाचा कायतरी नियम आसंल. मागनं कळलं, तुमाला ठावंच न्हाई. नोकरीचं मला कळतंय वो. पर दिसभर डावं-उजवं करत बसायचं, अन् आख्खी शेड मागं हसतीय. नात इचारती, आजी काय काम करती? तिला काय सांगू?"

मला फार वाईट वाटलं आणि तिचा रागही आला, दोन्ही एकदम.

घरी, दिघीला, पप्पांना सगळं सांगितलं. पप्पा भोसरीच्या एका कंपनीतून रिटायर झाले, तीस वर्षं मशीनवर उभे राहिले. मला वाटलं, पोट धरून हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं, तुला माहीत नव्हतं? आम्हाला आठवड्याला एकच जोड मिळायचा. तुझी आई दर रविवारी धुवायची, तू बादलीजवळ बसून मोज्यांची बोटं उलटी करायचीस. भोक पडलं की आई दुसऱ्या फाटक्या मोज्याचं मनगट उसवायची आणि त्याच दोऱ्यानं शिवायची."

मला काहीही आठवत नव्हतं. ज्या मोज्यांच्या पगारावर मी इंजिनिअर झाले, ते मोजे मी पार विसरले होते. त्या दिवशी मला माझी जेवढी लाज वाटली, तेवढी कधी वाटली नाही. आईला फोटोत बघून मी उगीचच "सॉरी" म्हटलं. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी बसमधून उतरले ती थेट मावशीकडे गेले आणि मोठा शोध लागल्याच्या थाटात मनगट उसवून भोक शिवायची युक्ती सांगितली. ती म्हणाली, "मग? दुसऱ्या कशानं शिवत्यात?" म्हणजे हेही तिला माहीत होतं. तिनं पदराखालून एक मोजा काढला. अंगठ्याचं भोक शिवलेलं, टाका कुठला ते शोधावं लागत होतं. "चार बोटं धडधाकट अन् एका अंगठ्यापायी आख्खं टाकायचं व्हय?"

घोडं तिथेच पेंड खात होतं! धुतलेल्यांपैकी निम्मे मोजे भोकं पडली म्हणून फेकलेच जात होते. मी नवीन कागद केला: प्रेसवर नवेच मोजे, सेफ्टीत तडजोड नाही, शिवलेले पॅकिंगला, अगदीच गेलेले मशीन पुसायला. शिवायला मावशी. साहेबांकडे गेले तर ठेकेदार आधीच येऊन बसलेला, हातात तिला कमी करण्याचं पत्र. साहेब म्हणाले, "मॅडम, शिवणकाम हे काही काम म्हणून दाखवता येणार नाही."

मग मी चढ्या आवाजात म्हटलं, "साहेब, प्रत्येक वस्तूला आपण डबा ठरवलाय. या माणसाला कुठल्या डब्यात टाकायचं, तेवढं सांगा. मी पाटी लावते."

साहेबांनी ठेकेदाराला पत्र खिशात ठेवायची खूण केली. मग म्हणाले, "तपासणी होईपर्यंत राहू दे. पुढचं पुढे."

तपासणीला आलेला माणूस किडकिडीत, हळू बोलणारा होता. असेच लोक धोकादायक असतात. त्यानं खत बघितलं, पॅलेट बघितले, मग वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर बसून शिवणाऱ्या मावशीपाशी थांबला. एक मोजा उलटा करून टाका बघितला, ओढून बघितला. मग शेडच्या भिंतीकडे गेला. तिथे आमचा कौशल्याचा तक्ता आहे. प्रत्येक कामगाराचा फोटो आणि कामापुढे एक वर्तुळ: शिकत असेल तर पाव भरलेलं, दुसऱ्याला शिकवू शकत असेल तर पूर्ण. सफाईच्या बायकांचे फोटो त्यावर कधीच नव्हते.

"मोजे दुरुस्तीचं काम तक्त्यावर नाही," तो म्हणाला. "उद्या त्या बाई गेल्या तर तुमचा कचरा पुन्हा खड्ड्यात. पूर्ण वर्तुळाची एक व्यक्ती इथे कायम हवी आणि तिच्या हाताखाली शिकणारी दुसरी. नाहीतर मी हे मान्य करू शकत नाही."

साहेब तत्काळ म्हणाले, "आहे की! कायमच आहेत त्या. फोटो आजच लागेल." मागे उभ्या असलेल्या ठेकेदारानं मान डोलावली. ते पत्र त्याच्या खिशातून पुन्हा बाहेर आलं नाही.

पांढऱ्या भिंतीपुढे मावशीचा फोटो काढला. तिनं पदर तीन वेळा सारखा केला आणि नातीला दाखवायला एक जास्तीची प्रत मागून घेतली. तिचं वर्तुळ पूर्ण भरलं. शिकणारी दुसरी म्हणून मी माझं नाव दिलं, आणि माझी परीक्षा अर्थात मावशीनंच घेतली. जेवणाची सुट्टी घालवून मी एक अंगठा शिवला. तिनं तो दोन बोटांत धरून ओढला, टाका सुटला. तिनं मार्कर घेऊन माझ्या वर्तुळाचा पाव भाग काळा केला आणि म्हणाली, "पाव बी जास्तीच हाय. पर ऱ्हाऊ द्या."

त्याला आता वर्ष होत आलं. मधे तिच्या भाच्याचं लग्न निघालं तेव्हा ती चार दिवसांची रजा मागायला आली. साहेबांनी तक्त्यावरच्या माझ्या पाव वर्तुळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिला म्हणाले, "मावशी, दोन दिवसांत नाही का जमणार?"