देवीचा बोकड आणि अण्णाची आंघोळ

साताऱ्याहून निघताना अण्णाने एवढंच विचारलं, "कुठं नेतेस?" मी म्हटलं, "खड्ड्यात." तो मुकाट्याने चालू लागला. अण्णा माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून त्याने बोलणं टाकलं होतं आणि आंघोळही. मी चारचौघांत त्याच्यावर खेकसायची, पण मनात धास्ती होती, हा माणूस असाच संपणार.

कल्याणला एसटी पकडली, मुरबाडला उतरलो आणि पुढं जीप. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, थोडं सरका." "कुठं सरकू? टपावर?" "तितं पन जागा नाय." अण्णाच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी आली. ती बिचारी वाटभर बोलत होती, तो नव्हता.

शालू माझी शाळेतली मैत्रीण. नर्सची नोकरी सोडून तिने या माळावर म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांना आसरा दिला होता. तिथं मन थकलेली माणसंही राहायला येत. इलाज एकच, प्रत्येकाने एक जनावर सांभाळायचं. मला आंधळं गाढव मिळालं. शालू म्हणाली, "तुमचं दोघांचं जमेल." मैत्रीण कसली, वैरीण!

अण्णाच्या वाट्याला बाबू नावाचा काळा बोकड आला. तो गावातल्या गणपतदादाचा, गावदेवीला नवसाने बोललेला. पाय मोडला, आणि मोडका बोकड देवीला चालत नाही, म्हणून दादाने तो शालूकडे आणून सोडला. शालूने फळ्या बांधून पाय नीट केला, आणि तेच अंगाशी आलं.

आम्ही तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) खात होतो, तेव्हा दादा दारात आला. टुणटुण उड्या मारणाऱ्या बाबूकडे बघून म्हणाला, "ताई, आता जत्रंला न्यावा लागंल. आमी देवीला शबुद दिलाय."

"आणि देवीला नको असेल तर?" शालूने विचारलं.

"पानी शिपडायचं. अंग झाडलं तर तिला पायजे. नाय झाडलं तर नारल देऊ, नि बोकड तुमचा."

शालूचा चेहरा उतरला. पाणी पडल्यावर अंग न झाडणारा बोकड कुणी पाहिलाय? अण्णा मात्र भाकरी चावत बाबूकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर आरडाओरडा ऐकून धावले. अण्णा बाबूला आंघोळ घालत होता. बाबू अंग झाडी, सगळं पाणी अण्णाच्या अंगावर. पुन्हा बादली, पुन्हा झाडणं. दोघांचीही आंघोळ झाली! मी म्हटलं, "अण्णा, वेड लागलं का?" तो म्हणाला, "साबण दे." किती दिवसांनी त्याने काही मागितलं होतं! मी साबण आणायला धावले.

मग ते रोजचंच झालं. पाणी ओतलं की अण्णा लगेच कानामागे खाजवायचा. हळूहळू बाबू डोळे मिटून मान पुढं करायला लागला, न्हाव्याकडे गिऱ्हाईक करतं तशी.

जत्रेत देवळापुढं ही गर्दी. दादाने हात जोडून बाबूवर पाणी शिंपडलं. बाबू ढिम्म. पुन्हा शिंपडलं. माझा जीव टांगणीला लागला. अण्णाने माझा हात गच्च धरला होता. शेवटी अख्खा तांब्या ओतला. बाबूने डोळे मिटले आणि कानामागे खाजवून घ्यायला मान पुढं केली.

लोक हसायला लागले. दादाने कपाळाला हात लावला. "देवी नाय म्हनते रे!" त्याने नारळ फोडला आणि जाता जाता अण्णाला हळूच म्हणाला, "भाऊ, रोज इहिरीवर दिसता तुमी. देवीला पन दिसता बरं!" अण्णा कोरड्या चेहऱ्याने म्हणाला, "तिला पटलं असेल."

निघायच्या सकाळी अण्णा तोंड पाडून आला. सवलतीचं म्हणून त्याचं परतीचं तिकीट वेगळं काढलेलं. "बाबूने खाल्लं. दुसरं मिळालं की येतो," म्हणाला. मी बोकडाच्या सात पिढ्या उद्धरल्या, अण्णाला चार खडे बोल सुनावले आणि एकटीच निघाले. जीपमध्ये त्याने तांदळाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. जीप हलली तरी तो हात हलवत होता.

घरी येऊन तांदूळ डब्यात ओतले. तळातून अण्णाचं तिकीट पडलं, अगदी कोरं करकरीत, दाताची खूणसुद्धा नाही. लहानपणापासून तो माझ्या अशाच खोड्या काढायचा, आणि वहिनी गेल्यापासून एकही काढली नव्हती. मी स्वयंपाकघरात बसून आधी हसले, मग पोटभर रडले, आणि बाबूची मनातल्या मनात माफी मागितली.