नांगी नसलेले

चौलला आमच्या शेजारच्या काकींनी वाडीत, सुपारीच्या सावलीत, मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत. घरी पाहुणा आला की चहाआधी त्या त्याच्या तळहातावर एक जाडजूड माशी ठेवतात. तो हात झटकायच्या बेतात असतो, तेवढ्यात शांतपणे सांगतात, "नर हाय. नांगीच न्हाय याला. आयतं खायचं आन् राणीमागं उडायचं, एवढंच काम." कामकरी माश्यांचं मात्र त्यांना भारी कौतुक.

यंदा पावसात फुलं संपली, पेटीतला मध कमी झाला आणि कामकरी माश्या नरांना ओढून बाहेर टाकू लागल्या. मला वाटलं, काकी खूश असतील. जाऊन बघते तर त्या छत्री धरून पेटीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. चिखलात पडलेले नर एकेक करून वेचत होत्या. मग पडवीत नेऊन त्यांनी ते साखरपाण्याच्या बशीच्या काठावर ठेवले.

"काकी, हे काही जगायचे नाहीत," मी म्हटलं.

"म्हायती हाय गं. पण बहिणींनी घराभायेर काढलंय, भिजत तरी नको मरायला." त्यांनी पेट्यांकडे एकवार पाहिलं. "आन् हळू बोल. तिकडं कळलं तर मध मिळायचा न्हाय मला."