लंडनच्या घड्याळातला शनिवार

मंगळवारी बाबांचं स्वरयंत्र काढणार होते. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं की यापुढे श्वास गळ्यातल्या छिद्रातून घ्यायचा आणि बोलायचं ते पाटीवर लिहून. बाबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "पार्किंगची वेळ संपली नाही ना?" तेव्हापासून मी फोन घेऊन त्यांच्या मागे लागले होते. काहीतरी बोला, रेकॉर्ड करून ठेवते. त्यांचं उत्तर ठरलेलं, "बंद कर ते." हट्टीपणा मी त्यांच्याकडूनच घेतलाय, त्यामुळे आमचं रोज वाजायचं.

बाबांची सगळी नोकरी पुण्याला रेडिओवर झाली. श्रुतिकांमधली दारं, पाऊस, घोडे, तुटणारी कपबशी हे सगळं ते वाजवायचे. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र एकदाही हवेवर गेला नाही. ही विद्या ते शाळेत असताना शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून शिकले होते. लंडनहून शॉर्टवेव्हवर विनोदी कार्यक्रम यायचे. इंग्रजी कळायचं नाही, पण दार कोणत्या लाकडाचं आहे ते कळायचं, असं ते सांगतात.

त्या शनिवारी नवरा उम्म अल कुवैनच्या फॅक्टरीत शिफ्टला गेला होता. इथे आखातातल्या घरी आम्ही तिघंच. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने एक वेबसाइट शोधून काढली होती. तिथे सत्तर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश रेडिओचा एक अख्खा दिवस जसाच्या तसा वाजणार होता, लंडनच्या घड्याळाप्रमाणे आणि एकदाच. मागे जायची सोय नाही. दुपारी दोनला अर्ध्या तासाचा विनोदी कार्यक्रम होता, बाबांच्या लहानपणचा. त्याचं नाव वाचून दाखवल्यावर बाबा सोफ्यावर ताठ बसले. मी लगेच हिशोब करून टाकला, "आपल्याकडे साडेसात."

सकाळपासून आमच्या अल बर्शाच्या हॉलमध्ये दुसरंच शहर नांदत होतं. बँड वाजला, एका बाईने शिळ्या पावाचं काय करायचं ते सांगितलं, कारखान्याच्या कँटीनमध्ये कामगार गाऊ लागले. मग एक नाटक लागलं. घोडा आला, तसा बाबांनी हात वर केला. "करवंट्या. ओल्या गोणपाटावर आपटतोय. चिखल दाखवायचाय ना." एक बाई जिना चढली. "ती नाही चढत. ती माइकपाशी उभी आहे. दुसरं कोणीतरी बाजूला फळीवर पाय आपटतंय, आणि ते माणूस तिच्यापेक्षा जाड आहे." त्यांचा घोगरा आवाज मधेच विरून जायचा, पण बोलणं थांबत नव्हतं.

मी थक्क झाले. जन्मभर ज्याला मी 'बाबांचं काम' म्हणून हसण्यावारी नेलं, ते असं होतं. मग नाटकाला बसलेले तिकडचे प्रेक्षक हसले आणि त्या हसण्यात कोणीतरी खोकलं. सत्तर वर्षांपूर्वी कोणाला तरी सर्दी झाली होती, आणि तो खोकला शेख झायेद रोडशेजारच्या सातव्या मजल्यावर येऊन पोचला. मुलीने तर फोन खाली ठेवला, जे आमच्या घरात सहसा होत नाही.

पाच-साडेपाचला बाबा दमले. "साडेसातला उठव," म्हणून आत जाऊन पडले. मीही लॅपटॉप बंद करून कुकर लावला. सव्वासातला त्यांना उठवलं, चहा दिला, परत लावलं, तर एक गृहस्थ लहान मुलांना सशाची गोष्ट सांगत होते. साडेसात झाले तरी ससाच. मुलीने फोनवर बघितलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मम्मा, यू डिड इंडिया टाइम."

खरंच की. इतकी वर्षं इथे राहते, पण घड्याळ म्हटलं की माझं डोकं पुण्याचीच वेळ काढतं. लंडनचे दोन म्हणजे इथले सहा. सहाला बाबा आत झोपले होते आणि मी डाळीला फोडणी देत होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. "बाबा, माझं चुकलं," म्हणताना रडूच आलं.

"अगं, हवेवरचं असंच असतं," बाबा म्हणाले. "गेलं की गेलं."

"व्हाय डिडन्ट वी जस्ट रेकॉर्ड इट?" मुलगी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. "आम्ही करायचो रेकॉर्ड. पण टेपा कमी. श्रुतिका वाजून गेली की तेच रीळ पुसून दुसरीला वापरायचं. पुसायचं काम माझं होतं, बाळा. ज्यांचे आवाज, ती माणसं बाहेर व्हरांड्यात चहा पीत बसलेली असायची आणि मी आत त्यांना पुसत असायचो. काय काय माणसं होती. एकाचाही आवाज आज नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू म्हणतेस, माझा ठेवायचा. कोणत्या तोंडाने ठेवू?"

इतके दिवस मी त्याला हट्ट म्हणत होते.

मुलगी मात्र विचार करत होती. "बट आजोबा, देअर समबडी डिडन्ट वाइप इट. दॅट्स व्हाय वी हर्ड समवन कफिंग."

सशाची गोष्ट संपली, ऑर्गन सुरू झाला. मग त्यांनी मला लॅपटॉप बंद करायला लावला. एसी बंद. फ्रिजचं बटण बंद. खिडकीच्या फटीत टॉवेल. माझा फोन मधे टेबलावर, रेकॉर्डिंगला. "आधी नुसती खोली घे, अर्धा मिनिट," ते म्हणाले. "खोलीलाही आवाज असतो." आम्ही तिघं श्वास धरून बसलो.

मग ते बोलले. मला वाटलं होतं, आईबद्दल बोलतील, माझ्याबद्दल बोलतील. छे. अकरा मिनिटं त्यांनी नातीला समजावलं की तव्यावर साबुदाणा फिरवून पाऊस कसा पाडायचा आणि रिमझिम हवी असेल तर हात कुठे हलका करायचा. ती मधे मधे इंग्रजीत शंका विचारत होती आणि ते प्रत्येकीचं उत्तर देत होते. घसा अगदी बसला तेव्हा त्यांनी हाताने पुरे अशी खूण केली.

मी थांबवायला बोट पुढे केलं, तसा त्यांनी माझा हात धरला.

"हे पुसू नकोस," ते म्हणाले.

तेही त्यात आलंय.